नंबर लागला का? जवळा बाजारातले पडद्यामागचे किस्से

परभणीहून हिंगोलीला निघालात की हट्टा मागे पडतं, औंढा नागनाथ अजून यायचं असतं आणि मध्येच जवळा बाजार लागतं. गाव नावाप्रमाणे बाजाराचं. मोंढा, आडती, खता-बियाण्यांची दुकानं, दवाखाने, हॉटेलं आणि या सगळ्यांपुढे कशाची ना कशाची वाट पाहत थांबलेली माणसं. पाटीवरचं जवळा बाजार सगळ्यांना ठाऊक आहे. माझी उमेदीची वर्षं वार्ताहरकीत आणि स्टेजमागे माइकची वायर सांभाळण्यात गेली, त्यामुळे माझ्याकडे पाटीची मागची बाजू आहे. ती बहुतेक सगळी एकाच शब्दात मावते. शब्द इंग्रजांचा, पण आता त्याचं रेशनकार्ड इथलंच: ‘नंबर’.

इंग्रजांनी तो मोजामोजीसाठी आणला असावा. आम्ही मोजायला आपला ‘आकडा’ ठेवला आणि ‘नंबर’ वाट पाहायला घेतला. रस्त्यात भेटलेला माणूस ‘कसं काय’ झाल्यावर दुसरा प्रश्न हाच टाकतो, “नंबर लागला का?” कशाचा, ते तो सांगत नाही. दवाखान्याचा असेल, घरकुलाचा असेल, उसाच्या तोडीचा असेल, पोराच्या भरतीचा असेल, नाहीतर लग्नाचाही असेल. विचारणाऱ्याला ठाऊक नसतं, ऐकणारा खुलासा मागत नाही. उत्तर मात्र सगळ्यांचं एकच, “लागंल.”

या शब्दाला हुसकावण्याचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. सावरकरांच्या भाषाशुद्धीनं मराठीला दिनांक दिला, महापौर दिला. ‘क्रमांक’ही त्याच पंगतीतला. सरकारी कागद क्रमांकानं जिंकले, तोंडं मात्र नंबरकडेच राहिली. या लढाईत एकदा माझ्या बातमीचा बळी गेला. ‘गावात दोन नंबरचे धंदे बोकाळले’ अशी साधी बातमी मी पाठवली होती. त्या दिवशी टेबलावर नवा उपसंपादक होता, शुद्ध मराठीचा कडवा. सकाळी अंक उघडला तर मथळा: ‘द्वितीय क्रमांकाचे व्यवसाय तेजीत’. दहा वाजेपर्यंत एका किराणा व्यापाऱ्याचा फोन आला. आवाजात अभिनंदनाची तयारी होती. “भाऊ, द्वितीय कोण ते कळलं. प्रथम कुणाचा आला?”

मोंढ्यातला किस्सा याहून सरस आहे. बँकेत पश्चिम महाराष्ट्रातून बदलून आलेले एक तरुण साहेब टपरीवर चहा घेत होते. शेजारच्या बाकड्यावर चौघांची कुजबुज चालली होती. “तीनशे पस्तीस यंदा बसलं.” “सहाशे बारा लावा, काढा पैसे.” “मी तर एकाहत्तरवरच हाय, बापापासून.” साहेब चहा अर्धा टाकून उठले आणि शाखेत जाऊन शिपायाला म्हणाले, “इथे मटका भर रस्त्यात चालतो!” शिपाई या मातीतला. त्यानं शांतपणे समजावलं की ते सोयाबीन आहे. तीनशे पस्तीस म्हणजे जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचं जेएस ३३५, १९९४ पासून चालत आलेलं. एकाहत्तर आणि सहाशे बारा ही आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाची लेकरं. विद्यापीठानं एकाहत्तरचं नाव हौसेनं ‘समृद्धी’ ठेवलं होतं. शेतकऱ्यानं नाव बाजूला ठेवून नंबर घरी नेला. समृद्धी म्हटलं की त्याला आता नागपूर-मुंबई रस्ताच आठवतो. साहेबांना हायसं वाटलं. मग शिपायानं जाता जाता खरी बातमी दिली. मटका खेळणारा कधी ‘नंबर’ म्हणतच नाही, तो ‘आकडा’ म्हणतो. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ एवढे दोन शब्द माफ केले तर भाषाशुद्धीची चळवळ आमच्याकडे मनापासून पाळली ती फक्त मटकेवाल्यांनी.

खतांच्या दुकानात तर माणसं नुसत्या नंबरांत बोलतात. “दहा सव्वीस सव्वीस हाय का?” “नाही, बारा बत्तीस सोळा हाय.” नव्या माणसाला ही एखादी सांकेतिक तार वाटावी. पोत्यातल्या नत्र, स्फुरद, पालाशाचं ते शेकडा प्रमाण असतं, हे विचारलं तर सगळ्यांना माहीत असतं. विचारत कुणी नाही. विचारतात ते एवढंच की पोतं मिळेल का, आणि मिळणार असेल तर नंबर कितवा.

इथं चपलेचा किस्सा आलाच पाहिजे. टंचाईच्या दिवसांत दुकानाचं शटर उघडण्याच्या किती तरी आधी रांग लागते. माणसांची नव्हे, वस्तूंची. एक वीट, एक हेल्मेट, रिकामं पोतं, दगडाखाली दाबलेली आधारची झेरॉक्स आणि चपलांचे जोड. मालक समोरच्या हॉटेलात. अशाच एका पहाटे कुत्र्यानं पुढच्या ओळीतली एक चप्पल पळवली. मालक धावत आला तोवर मागच्यानं आपली वीट पुढे सरकवली होती. “चप्पल गेली की नंबर गेला!” “अन् ही दुसरी काय नुसती शोभेला हाय व्हय?” प्रकरण हातघाईवर आलं, तेव्हा रांगेतच उभ्या असलेल्या एका निवृत्त गुरुजींनी न्याय दिला. जोडीवर दोन पोती मिळतात ना? मग एका चपलेवर एक पोतं. निकाल दोन्ही बाजूंनी मान्य केला, गावाला गुरुजींचा अभिमान वाटला. दुसऱ्या दिवशी पहाटे रांगेच्या अगदी टोकाला एकाच माणसाच्या तीन चपला ओळीनं मांडलेल्या होत्या.

उसाच्या नंबरात मात्र चपला चालत नाहीत, तिथं राजकारण लागतं. बाहेरच्याला सांगतात ती गोष्ट सरळ असते: लागवडीची नोंद करायची, तारखेप्रमाणे आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा अशी तोड येते, आपला नंबर आला की टोळी शेतात. आतली गोष्ट अशी की डिसेंबरपासून अख्खं शिवार तोडीची चिठ्ठी देणाऱ्या चिटबॉयच्या मोटारसायकलचा आवाज ओळखतं. एका शिवारात दोन बांधभाऊ होते. बांध एक, कारखाना एक आणि अबोला जुना. आतल्या शेताच्या मालकानं मुकादमाला कोंबडं खाऊ घातलं, चिटबॉयला पोराच्या वाढदिवसाला बोलावलं, टोळीला सरपण नेऊन टाकलं आणि नंबर पुढे आणला. गावभर सांगितलं, “औंदा आधी मी, मग तो.” टोळी आली, कोयते काढले, ट्रॅक्टर रस्त्यावर थांबला. तो आत न्यायचा तर वाट शेजाऱ्याच्या उभ्या उसातून. शेजारी बांधावर तंबाखू मळत बसलेला. मुकादमानं दोन्हीकडे पाहिलं आणि कोयते शेजाऱ्याच्या फडाकडे वळवले. कोंबडं एकानं कापलं, ऊस दुसऱ्याचा तुटला.

शाळेच्या गॅदरिंगला मी पडद्याच्या दोरीजवळ उभा असे. प्रेक्षकांत नंबरचा अर्थ वेगळा आणि पडद्यामागे वेगळा, हे तिथं एका मावळ्यानं सिद्ध केलं. पोरगं पहिलीतलं, नव्या इंग्रजी शाळेचं. फेटा, मिशी, कमरेला पुठ्ठ्याची तलवार. पोवाडा सुरू व्हायच्या बेतात असताना त्यानं निवेदक सरांपुढे दोन बोटं धरली. सर गडबडीत. “दोन नाही रे, तुझा तिसरा नंबर. उभा राहा!” पोरगं पुन्हा दोन बोटं. “कळलं ना? तिसरा!” पडदा उघडला. मावळ्यानं ठरलेल्या चार चालींऐवजी जागच्या जागी अशी काही तडफड केली, दातओठ असे काही खाल्ले आणि शेवटी तलवार टाकून विंगेत असा झेपावला की समोरचं गाव उभं राहून ओरडलं, “एक नंबर!” उत्तेजनार्थ बक्षीस त्यालाच मिळालं. घ्यायला त्याची आई आली. कलाकार घरी अंघोळीला गेलेला होता.

जत्रेच्या कुस्त्यांत तर गणितच उलटं. तिथं एक नंबरची कुस्ती सगळ्यात शेवटी लागते, त्यामुळे पैलवानांची भांडणं ‘मी शेवटी’ यासाठी होतात. एका वर्षी दोन तालमींनी हट्ट धरला. पंचकमिटीची रात्र त्यातच गेली. अखेर हँडबिलावर ‘एक नंबर (अ)’ आणि ‘एक नंबर (ब)’ असं छापून सुटका झाली. मग (अ) वाल्यांना शंका आली की (ब) शेवटी येतो म्हणजे तोच मोठा, आणि (ब) वाल्यांना शंका आली की (अ) वर छापलाय म्हणजे तोच मोठा. दोन्ही कुस्त्या अंधार पडेपर्यंत चालल्या आणि बरोबरीत सोडवल्या गेल्या. गावात आजही नाव निघतं ते दुपारी रेवड्यांवरच्या कुस्तीत आपल्या दीडपट पोराला चितपट करणाऱ्या एका शेंबड्याचं. त्याचा नंबर हँडबिलात नव्हताच.

एवढे अर्थ एकाच शब्दानं वाहायचे म्हणजे ओझं झालं, असं वाटत असेल तर साहेबांच्या देशातली आतली गोष्ट ऐका. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशात ‘सेट’ हा सगळ्यांत अर्थबहुल शब्द म्हणून मिरवायचा. १९८९ च्या आवृत्तीत त्याच्या क्रियापदाचेच ४३० च्या आसपास अर्थ होते. पुढे नव्या आवृत्तीचं काम करताना पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकानं ‘रन’ हे क्रियापद हाती घेतलं. त्यात त्यांचे नऊ महिने गेले आणि अर्थ निघाले ६४५. ‘सेट’ची गादी गेली. गिलिव्हर साहेब ‘नंबर’साठी जवळ्याला आले असते तर नऊ महिन्यांत त्यांचा फक्त नंबर लागला असता, अर्थ पुढच्या हंगामात.

अर्थांची टक्कर झालेली मी समोर पाहिली ती एका नेत्रतपासणी शिबिरात. आमच्याकडे शेताला आधी सर्व्हे नंबर होता, मग गट नंबर आला. जुन्या माणसाला जमीन ‘चिंचेचं’, ‘नाल्यावरचं’ अशीच ठाऊक असते, पण वाटणीचा विषय निघाला की गट नंबर झोपेतही पाठ होतो. शिबिरात एका बाबांची पाळी आली. डॉक्टर तरुण, बाहेरून आलेले. त्यांनी विचारलं, “बाबा, जुना नंबर किती?” बाबा खडखडीत म्हणाले, “एकशे बेचाळीस.” डॉक्टर हसले. “बाबा, एवढा नंबर असता तर तुम्हाला मी दिसलोच नसतो.” बाबांनी मागे उभ्या पोराकडे मान वळवली. “साहेब, तेवढा नंबर हाय म्हणून तर हे पोरगं मला मोटारसायकलवर बसवून आणतंय. अर्धा इकायचा म्हणतंय. सही कुठं करायची ते तरी दिसाया पाहिजे ना मला.”

गाड्यांच्या नंबरावर स्वतंत्र पुराण होईल. १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला आणि पुढे गाड्यांवर एमएच २२ च्या जागी एमएच ३८ आलं. काही जुने लोक बावीसची गाडी विकेनात, म्हणायचे, “मोठ्या जिल्ह्याचा नंबर हाय.” पोरांना जिल्ह्याशी घेणं नव्हतं. त्यांना पाहिजे चार-एक-चार-एक. इंग्रजी चारला जराशी शेपूट काढली की ‘द’, एकाचा काना, झालं ‘दादा’. दोन-एक-चार म्हणजे ‘राम’, चार-नऊ-एक-दोन म्हणजे ‘पवार’. एका पोरानं खास पैसे भरून ‘दादा’ घेतला आणि शेजारच्या तालुक्यात कुठंतरी चौकात अडकला. पावती फाडणाऱ्या जमादारांनी कायदा नीट समजावला: अक्षर ठरलेलं, आकार ठरलेला, कलाकारी चालत नाही. पोरानं दंड भरला, पावती घडी करून खिशात घातली, मग नम्रपणे झाडाखाली उभ्या गाडीकडे बोट दाखवलं. “साहेब, ती तुमचीच ना?” झाडाखाली ‘राम’ उभे होते. पुढे एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांनाही उच्च सुरक्षा पाटी बसवण्याचा हुकूम निघाला, तेव्हा दादा आणि राम दोघेही एकाच दिवशी निमूटपणे आकड्यांत परतले.

कायद्याच्या नंबरांनी तर शिव्यासुद्धा दिल्यात. पोलिस ठाण्याच्या दहा नंबरच्या नोंदवहीत बदमाशांची नावं असत, त्यातून ‘दस नंबरी’ आला असं सांगतात. ‘चारशेवीस’ तर फसवणुकीचं कलमच. १ जुलै २०२४ ला दंड संहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली आणि चारशेवीसचं काम तीनशे अठराकडे गेलं. ही बातमी आमच्याकडे एका हॉटेलात पोचली ती अशी. उधारी बुडवणाऱ्याला सावकार भर गर्दीत ओरडला, “चारशेवीस हाय हा!” कर्जदार रोज पेपर वाचणारा. तो बसल्या जागेवरून म्हणाला, “अण्णा, कायदा बदलला. आता तीनशे अठरा म्हणायचं.” सावकारानं कपाळावर हात मारून गल्ल्यावरच्या माणसाकडे पाहिलं. “बघा, यातबी एकशे दोन कमी केले!”

अलीकडे आमच्या औंढा तालुक्याचं नाव जगात निघतं ते लायगोमुळे. गुरुत्वीय लहरी टिपणारी ती प्रयोगशाळा इथल्या माळावर व्हायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं सुमारे २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. अमेरिकेतल्या अशाच दोन केंद्रांनी सप्टेंबर २०१५ मध्ये पहिल्यांदा अशी लहर पकडली. एका शाळेत यावर व्याख्यान होतं. पाहुण्यांनी चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा सांगितल्या, अब्जाहून जास्त वर्षांपूर्वी टकरलेली कृष्णविवरं सांगितली, प्रोटॉनच्या हजाराव्या हिश्शाहून बारीक हालचाल मोजतात तेही सांगितलं. मागच्या रांगेतला एक पालक उठला. “साहेब, तिथं आपला नंबर लागंल का?” त्याच्या डोळ्यांपुढे बारावी झालेलं पोरगं होतं. पाहुण्यांच्या डोळ्यांपुढे जग होतं. ते अभिमानानं म्हणाले, “का नाही? अमेरिकेतल्या दोघांनंतर लायगोत आपलाच तिसरा नंबर!” टाळ्या पडल्या. पालक खाली बसला आणि शेजाऱ्याला म्हणाला, “तिसरा. म्हंजी वेटिंगला.”

नंबर मागे गेल्याची सगळ्यात मोठी कथा मात्र आमच्या औंढ्याचीच, आणि ती नव्यानं सांगायची गरज नाही. नरसीचे नामदेव महाराज नागनाथापुढे कीर्तनाला उभे राहिले, त्यांना मागे जायला सांगितलं, ते मागे गेले आणि देऊळच फिरलं. नंदी मागच्या बाजूला राहिला तो त्यामुळे, असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. जवळ्याच्या रांगांत हा दाखला फार चालतो. शेवटी उभा असलेला हमखास म्हणतो, “राहू द्या मागं, देऊळ फिरंल.” एकदा एका दवाखान्याच्या व्हरांड्यात असंच झालं. बत्तीसावा नंबर असलेल्या गृहस्थानं हे वाक्य टाकलं आणि पाचच मिनिटांत कंपाउंडरनं दार उघडून त्यालाच आत घेतलं. माणसं चकित. एका म्हातारीनं तर हात जोडले. तो बाहेर आल्यावर मी हळूच विचारलं, “दादा, कीर्तन केव्हा केलं?” तो गोळ्यांची पुडी खिशात टाकत म्हणाला, “कीर्तन कशाला? डॉक्टरच्या मेव्हण्याचा नंबर हाय ना माझ्याकडं.”